स्टँडचा पुढचा पाय

ऐका ना. राजेश्री, आधी तो मोबाईल खाली ठेव. आन मधीच कुणी हसायचं न्हाई. हसलात तर मी अर्ध्यातच उठून जाईन, आधीच सांगून ठेवते. हे बघ, हाताला अजून काटा येतोय. बघ ना, हात लावून बघ!

तर माझा तो लाकडी कॅमेरा तुमाला माहीत हाय. तुमी ज्याला पेटारा म्हणून चिडवता तो. आजोबांचा, दिनकररावांचा, परभणीत त्यांचा स्टुडिओ होता तवाचा. पुढं भिंग, मधी हार्मोनियमसारखा काळा भाता, मागं दुधी काच. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं आन काचेत बघायचं. समोरचा माणूस काचेवर उलटा दिसतो, डोकं खाली आन पाय वर. त्याची फिल्म आता आपल्याकडं मिळत न्हाई, म्हणून मी फोटोचा कागदच कापून लावते. कागद लय मंद असतोय. भर उन्हातसुद्धा भिंगाचं टोपण काढून चार-चार सेकंद मोजावे लागतात.

पंधरा दिवस झाले असतील. दुपारी फोन. "तू दिनकररावांची नात का? भक्ती? त्यो फडक्याचा कॅमेरा अजून चालतोय म्हणं."

वालूरचे मंगेशकाका. तिथं किराणा दुकान हाय त्यांचं. माझा तो पेटाऱ्याचा व्हिडिओ त्यांच्या पोरानं दाखवला म्हणं त्यांना. मी म्हणले चालतोय की, काढायचं काय हाय? तर म्हणले, "आमच्या अण्णाचा बसवलेला फोटो तुझ्या आजोबानं काढलेला हाय, त्याच कॅमेऱ्यानं. आता अव्वाला फोटो पायजे. अण्णाच्या समाधीपाशी बसून. आन त्याच कॅमेऱ्यानं पायजे, मोबाईलचा नको म्हणती. उद्याच लागतोय. परवा सकाळी तिथं जेसीबी येणार हाय."

बसवलेला म्हणजे काय, ते आधी सांगते, नसता पुढचं काहीच कळायचं न्हाई. ते लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की जाळत न्हाईत. आन झोपवतही न्हाईत. आंघोळ घालून, अंगभर भस्म लावून मांडी घालून बसवतात, आन तसंच बसलेलं पुरतात, आपल्याच वावरात. पुरुषभर खड्डा खांदायचा. खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा काढायचा, माणूस बसंल एवढा. त्यात बसवायचं, जन्मभर गळ्यात असतं ते लिंग डाव्या हातावर ठेवायचं, भोवती भस्म भरायचं, पुढून फरशी लावायची आन मग माती. तर पुरायच्या आधीचा तो फोटो. मंगेशकाकाच्या घरात भिंतीवर हाय, मी बघितला. अण्णा, म्हणजे काकांचे वडील, शिवमूर्ती त्यांचं नाव, फेटा बांधून बसलेले. डोळे मिटलेले. अडतीस साल झाले त्याला. तवा मंगेशकाका दहा वर्षांचे होते.

तर त्या समाधीवरून नवा रस्ता जायलाय. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, भांडण-बिंडण काही न्हाई. फक्त समाधी उचलायची होती. वालूरच्या वरच्या अंगाला त्यांचं दुसरं वावर हाय, तिथं न्यायची. आन ह्या सगळ्यात अव्वाचं, म्हणजे काकांच्या आईचं, म्हणणं एकच. चन्नबसम्मा नाव आजीचं. म्हणं, ह्यांच्या डाव्या अंगाला माझी जागा हाय. हे जिथं जातील तिथं त्यांच्या डाव्या अंगाला मला बसवायचं. दुसरीकडं बसवलं तर मी बसणार न्हाई.

हसू नको म्हणले ना राजेश्री!

दुसऱ्या दिवशी मंगेशकाका पिकअप घेऊन आले मला न्यायला. मागं हौद्यात माझा पेटारा, स्टँड, कागदाचे डबे, आन पुढं मी. पेडगाव मागं पडलं, मानवत रोड गेलं, तरी काका गुमसुम. मीच बडबड करायले होते. मग सेलूच्या अलीकडं त्यांनी एकदम गाडी बाजूला घेतली. लिंबाखाली थांबवली. मला वाटलं गाडी तापली.

म्हणले, "पोरी, एक सांगतो. अव्वासमोर तोंडातून काढायचं न्हाई."

"काय काका?"

"आज पहाटं, अव्वा वावरात यायच्या आत, मी आन आमच्या वावरातल्या लिंबाजीनं समाधीच्या दगडाखाली खांदून बघितलं. म्हणलं संध्याकाळी जंगमस्वामी, आमचे पुरोहित, समाधी उचलायला येणार, तवा घोळ नको. पुरुषभर खांदलं." मग ते स्टेअरिंगकडंच बघायले. "खाली काहीच न्हाई."

"काहीच न्हाई म्हणजे?"

"म्हणजे काहीच न्हाई. फरशी न्हाई. भस्माचा कण न्हाई. हाड न्हाई. कोरी काळी माती, कधी कुणी हातच न लावलेली."

एप्रिलचं ऊन गं, गाडीत भट्टी झालेली, आन माझ्या पाठीवरून असं थंड सरकलं.

"मग?"

"मग काय. बुजवलं परत. अव्वाचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला काय सांगू, अण्णा सापडंना म्हणून? संध्याकाळी तिथलीच माती घागरीत भरायची आन न्यायची. तिला काय कळणार हाय. तू फोटो काढ, आन तुला गाडीत बसवून देतो."

मला ते पटंना. म्हणजे उद्या आजी गेली की तिला कुणाच्या डाव्या अंगाला बसवणार? मातीच्या? पण मी काय बोलणार, मी आपली फोटोवाली.

वावरात पोचलो तवा दोन वाजले असतील. कापसाची पराटी उपटून रान मोकळं केलेलं, आन जमिनीला ह्या एवढ्या भेगा, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. एक चिटपाखरू न्हाई. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकच लिंबाचं झाड, त्याच्या बुडाशी लिंबाजी बसलेला. लिंबाजी म्हणजे त्यांचं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करणारा माणूस, पन्नाशीचा, वीस वर्षं झाले तोच करतोय. आन रानाच्या मधोमध तो काळा दगड, त्यावर नंदी कोरलेला, आन दगडाच्या शेजारी पोत्यावर आजी. इरकल नेसून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, सकाळपासून बसल्यासारखी.

मला बघून म्हणते, "आगं माय, एवढीशी पोरगी ते पेटारं उचलती व्हय?"

बघा, तीही पेटाराच म्हणली.

मी म्हणले, "उचलते की आजी. तुमालाही उचलीन."

तर हसली. दात तीनच, पण हसणं लय गोड. "मला उचलायला अजून वेळ हाय. आधी ह्यांना उचलू दे."

मंगेशकाकांनी तोंड फिरवलं.

आता स्टँड. हे नीट ऐका. तीन पायांपैकी एक पाय पुढं, नेमका भिंगाच्या खाली. हे मला आजोबांनी शिकवलेलं. कारण भाता पुढं ओढला की सगळं वजन पुढं येतं, आन पुढं पाय नसला तर कॅमेरा तोंडावर पडतो. दगडापासून आठ पावलं मोजली, पुढचा पाय रोवला, मग मागचे दोन. मग वर हेड, म्हणजे कॅमेरा ज्याच्यावर बसतो ती मान. जुन्या कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक मोठं आन आजकालच्या हेडचा स्क्रू बारीक, म्हणून मधी एक पितळी कडी बसवावी लागते, नाण्यानं फिरवून फिरवून. कॅमेरा असा पोटाशी धरायचा, लेकरासारखा, आन खालून दुसऱ्या हातानं स्क्रू आवळायचा. आवळला तरी लगेच सोडायचं न्हाई. आधी उलसं हलवून बघायचं, मग एक हात सोडायचा, मग दुसरा. मग हेडच्या दोन्ही मुठी पिळायच्या, एक मान खाली-वर व्हायची, एक डावी-उजवी. आन गवंड्याकडं असते तशी लेव्हलची बाटली ठेवायची, तिचा बुडबुडा मधी आणायचा. सगळं केलं. मी ह्या कामात हयगय करत न्हाई, तुमाला माहीत हाय.

फडकं डोक्यावर घेतलं. आत अंधार. काचेवर आजी उलटी, दगड उलटा, खाली आभाळ. भिंग पुढं-मागं करून आजीचे डोळे नीट केले. आन बघते तर काय, आजीचं डोकं काचेच्या खालच्या कडेनं बाहेर जायलंय. हळू. लय हळू. आन काचेच्या वरच्या बाजूनं जमीन खाली उतरायली. भेगांसकट. म्हणजे कळलं का, कॅमेरा मान खाली घालायला होता.

बाहेर आले. मुठी बघितल्या. घट्ट. स्क्रू घट्ट. पण बुडबुडा पार माझ्याकडं सरकलेला. मग खाली बघितलं तर पुढचा पाय चार बोटं मातीत गेलेला.

"भेग असंल," काका म्हणले.

मलाही तेच वाटलं. पाय उपसला, स्टँड हातभर उजवीकडं घेतला, पुन्हा सगळं केलं. स्क्रू काढून पुन्हा आवळला, हात दुखेपर्यंत. बुडबुडा मधी. फडक्यात गेले. ह्या खेपेला कॅमेरा खाली वाकला न्हाई. ह्या खेपेला त्यानं मान वळवली. आईशप्पथ. काचेवर आजी बाजूला सरकायली, दगड बाहेर गेला, आन मोकळं रान फिरायलं, जसं कुणी आपल्या हनुवटीला दोन बोटं लावून तोंड फिरवावं तसं. मी बाहेर येऊन बघितलं तर भिंग डावीकडं, उलसं खाली. आधी जिथं पाय गेला होता ना, त्याच भोकाकडं.

आन मूठ? मूठ घट्टच होती गं! मी दोन्ही हातांनी पिळली, हालंना.

लिंबाजी धुऱ्यावरनं उठून उभा राहिला होता. मी त्याला हाक मारली, "लिंबाजीकाका, एखादी वीट-बीट हाय का पायाखाली घालायला?" तर तो जागचा हालला न्हाई. म्हणला, "ताई, तिकडून काढा ना फोटो. पलीकडून. तिकडं जमीन कडक हाय."

"तिकडून उन्ह भिंगात येतं हो."

"तरी तिकडूनच काढा."

आता मला राग आला. हट्टच पेटला म्हणा ना. म्हणले माझा कॅमेरा, माझा स्टँड, मी इथंच लावणार. पुन्हा पहिल्या जागी आणला, पुढचा पाय भोकापासून वीतभर बाजूला, खाली एक चपटा दगड ठेवला. कडी तपासली, स्क्रू, मुठी, बुडबुडा. पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. काही न्हाई. बुडबुडा मधीच.

फडक्यात गेले. आन तुमाला काय सांगू, आत गार लागायलं. एप्रिलमधी. काळ्या फडक्याच्या आत, जिथं नेहमी मी घामानं निथळते. आन श्वास ऐकू यायला. मला वाटलं माझाच. म्हणून मी श्वास धरला.

तर तो चालूच.

लांब, सावकाश. आत घेतलेला, सोडलेला. स्टँडच्या पुढच्या पायाच्या बाजूनं यायला होता.

मी ओरडले न्हाई. का न्हाई ओरडले मला सांगता येणार न्हाई. काचेवर आजी होती ना, म्हणून असंल. मी काचेतच बघत राहिले. आजीच्या डोळ्यात काहीतरी वेगळं होतं. ती भिंगात बघतच नव्हती. खाली बघायली होती, स्टँडच्या पायांकडं.

मी आतूनच म्हणले, "आजी, भिंगात बघा, वर."

"बगायलेय की माय."

"खाली बघायलात तुमी."

"न्हाई गं. नीट समोर बगायलेय." आन तिनं डोक्यावरचा पदर असा पुढं ओढला, पार कपाळ झाकेपर्यंत.

"आजी, पदर मागं घ्या, तोंड दिसंना."

तर आजी लाजली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, उलटी, काचेवर, लाजली. म्हणली, "कसा घेऊ? समोर हे..." आन थांबली. जणू तिचं तिलाच कळंना की ती काय बोलायली.

मंगेशकाका म्हणले, "अव्वा, ऊन लागलं का तुला? पाणी देऊ का?"

मी म्हणले, आता हे लवकर संपवायचं. कागद लावला, टोपण काढलं, मोजायला लागले. एक. दोन. तीन.

घप्प!

असा आवाज झाला की पाण्यात धोंडा पडावा. पुढचा पाय त्या चपट्या दगडासकट खाली गेला, गुडघाभर, आन अख्खा पेटारा पुढं झुकला. मी झडप घालून धरला, भाता माझ्या गालाला घासला, हे बघ, इथं, अजून व्रण हाय. मी कॅमेरा मिठीत धरून जमिनीवर आडवी आन माझं तोंड त्या भोकाच्या वर. आन भोकातून वारा. गार. त्याला वास होता. देवळाचं दार वर्षभरानं उघडल्यावर येतो ना, तसा. भस्म. वाळलेला बेल.

मंगेशकाका धावत आले, माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले, आन त्यांनाही तो वास आला. मी बघितलं त्यांचं तोंड. दहा वर्षांच्या पोरासारखं झालं होतं.

आन तिकडून लिंबाजी चालत आला. आला आन आजीच्या पायाशी बसला, डोक्याची टोपी काढून.

"मावशी, मला मारा."

"काय झालं रं?"

"बारा साल झाले मावशी. नांगरताना ट्रॅक्टरचा फाळ लागला दगडाला. दगड पार तिकडं फेकला गेला. कुणी नव्हतं. मी घाबरलो. म्हणलं तुमी वावर काढून घेताल. म्हणून नजरेनंच मापलं आन परत बसवला."

"नजरेनं कसं मापलं?" काकांनी विचारलं.

"धुऱ्यावर आधी दोन लिंब व्हते ना. अण्णाची समाधी दोन लिंबांच्या नेमकी समोर, मधोमध, अण्णानंच सांगितलेलं ना, की माझ्या डोळ्यापुढं दोन्ही लिंब पायजेत. पण त्यातला एक त्याच उन्हाळ्यात मोडून पडला होता, मालक. मी उरलेल्या एकाच लिंबासमोर धरलं. घरी गेल्यावर ध्यानात आलं. पण तवर मावशीनं येऊन दगडाला पाणी घातलं होतं, दिवा लावला होता. मग कुठल्या तोंडानं सांगू? अन् आज पहाटं मालकासंगं खांदलं, काही निघंना, तरी माहं तोंड उघडंना."

"पहाटं?" आजी म्हणली. "पहाटं काय खांदलं?"

मी कॅमेरा धरून तशीच बसलेली.

आजीनं मंगेशकाकाकडं बघितलं, मग त्या दगडाकडं, ताज्या मातीकडं. सगळं कळलं तिला. म्हणली, "म्हणजे तू मला कोरी माती देणार व्हतास, मंग्या. आन मी तिच्या डाव्या अंगाला बसणार व्हते."

"अव्वा, तुला तरास नको म्हणून..."

"बारा साल!" हे लिंबाजीला. "बारा साल मी भलत्याच जागी पाणी ओतलं. आन हे हितं, आठ पावलांवर, कोरडे बसलेले. रोज बगत असतील, ही बया कुणाला पाणी घालती म्हणून."

आन काय केलं असंल तिनं? रडली न्हाई. उठली. माझा हात धरून त्या भोकापाशी आली, वाकली, आन भोकात म्हणली, "आलो हां. उलसं थांबा." मग लिंबाजीकडं वळून, "टोपी घाल डोक्यावर. रडतुस काय बाईवानी? खांद. उजेड हाय तवर खांद. ते मशीन न्हाई ऐकायचं तुझं रडगाणं. आन उद्याच येणार हाय ते."

काकांनी जंगमस्वामींना फोन केला, लगेच या म्हणून. ते मोटारसायकलवर अर्ध्या तासात आले. तवर लिंबाजीनं कमरेएवढं खांदलं होतं. काका पण उतरले, सदरा काढून. मी घागरीनं पाणी देत होते. छातीएवढं गेल्यावर खोऱ्याला फरशी लागली. त्या फरशीचा वरचा कोपरा फुटला होता, हाताएवढा. माझ्या स्टँडचा पाय त्या कोपऱ्याच्या नेमका वर गेला होता.

फरशी स्वामींनी स्वतः बाजूला केली. मी बघणार नव्हते, पण बघितलं.

पांढरं. कोनाडाभर पांढरं भस्म, भिंतीसारखं उभं, वरून तेवढं ढासळलेलं. आन त्यात ते. बसलेलेच. म्हणजे हाडं होती, दुसरं काय असणार, पण एकावर एक तशीच, मांडी ओळखू येत होती. मी तुमाला एकच सांगते आन पुढं जाते, मला ते आठवायचं न्हाई. त्यांचं तोंड लिंबाकडं न्हाई, दगडाकडं होतं. आजी सकाळपासून ज्या पोत्यावर बसली होती तिकडं. माझा कॅमेरा त्यांच्या नेमका डोक्यावर उभा होता, आन दोघं एकीकडंच बघत होते.

डाव्या हाताच्या जागी लिंग सापडलं. स्वामींनी ते धुवून आजीच्या ओंजळीत दिलं. आजीनं ते डोळ्यांना लावलं आन म्हणली, "गार हाय."

मग नव्या वेताच्या पाटीत सगळं भरलं, भस्मासकट, पांढरं धोतर अंथरून. मंगेशकाका म्हणले हौद्यात ठेवू. आजी म्हणली, "हौद्यात काय ठेवतुस, पोतं हाय का ते?" आन पुढं बसली, पाटी मांडीवर घेऊन. मी आन लिंबाजी मागं हौद्यात, कॅमेरा धरून. गाडी खड्ड्यातून जायली की पुढून आजीचा आवाज यायचा, "हळू रं, हळू." मग पुन्हा बोलायची, पण काकांशी न्हाई. हळूच. शब्द काही कळले न्हाईत मला. लिंबाजीला कळले असतील, कारण तो सगळ्या रस्त्यानं मान खाली घालून होता.

वरच्या वावरात खड्डा तयार होता. मुरमाड जमीन, एकदम कडक. स्वामींनी कोनाड्यात परत बसवलं, मंत्र म्हणले, नवं भस्म, बेल, नवी फरशी. माती लोटून झाली तवा ऊन पिवळं पडलं होतं. आजी ढिगाच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली, पायानं जमिनीवर रेघ मारली. "मंग्या, हितं. ध्यानात ठेव. झाडाबिडावर मापू नको, चार दगड रोवून ठेव."

मग माझ्याकडं वळून, "पोरी, मोडलं का तुझं पेटारं?"

"न्हाई मोडलं आजी."

"मग काढ की फोटो. माझा राहिलाच की."

मी स्टँड लावला. पुढचा पाय पुढं. पितळी कडी दोनदा खाली पडली, मुरमात शोधावी लागली. कॅमेरा पोटाशी धरला, स्क्रू आवळला, हलवून बघितला, एक हात सोडला, दुसरा सोडला. बुडबुडा मधी. मी म्हणले, आता हालतोय का बघू. मिनिटभर उभी राहिले. न्हाई. जमिनीत रोवलेल्या खांबासारखा.

फडक्यात गेले. आत गरम. माझाच घाम, माझाच श्वास. काचेवर आजी तिच्या रेघेच्या जरा पुढं मांडी घालून बसलेली, पदर मागं, सगळं तोंड उघडं, नीट भिंगात बघायली. तिच्या उजव्या बाजूला जागा मोकळी. मी म्हणले, "आजी, मधोमध सरका ना, एक बाजू रिकामी दिसायली." तर आजी म्हणली, "न्हाई माय, बरोबर हाय." मी पुन्हा म्हणले न्हाई.

उजेड कमी झालेला, बारा सेकंद लागणार होते. कागद लावला. काकांना, लिंबाजीला, स्वामींना म्हणले, तुमी सगळे माझ्या मागं या, सावली पडायला नको. तिघंही मागं आले. आजीला म्हणले, बारापर्यंत दगडासारखं बसायचं. टोपण काढलं.

एक. दोन. तीन. चार.

पाचला आजीनं मान न हालवता, ओठसुद्धा जेमतेम हालवून, उजव्या बाजूला हळूच म्हणलं, "आता हालू नका. पोरगी मोजायली."

मागं काकांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मी मोजायचं थांबवलं न्हाई. सहा. सात. मला काय वाटलं माहिती का, आपण थांबलो तर बिघडंल. काय बिघडंल ते माहीत न्हाई. आठ. नऊ. दहा. अकरा. बारा. टोपण लावलं.

घरी येऊन धुतला. चांगला आला. फाटलेला न्हाई, काळा पडलेला न्हाई. आजी लख्ख, सुरकुती न सुरकुती. मागं मातीचा ढीग. उजव्या बाजूला मोकळी जागा, एका माणसाला मांडी घालायला लागते तेवढी. बस. मी भिंग घेऊन बघितलं, बोट-बोटभर जागा तपासली. काही न्हाई. तुमी बघा पायजे तर, माझ्याकडं दुसरी प्रत हाय.

परवा द्यायला गेले. आजी ओसरीत बसलेली. फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ. मला वाटलं स्वतःला बघायली. पण तिचं बोट त्या मोकळ्या जागेवर फिरायलं होतं, वरून खाली, सावकाश, फेट्यापासून मांडीपर्यंत फिरवावं तसं.

मग लय समाधानानं म्हणली, "बग. उलसे पण हालले न्हाईत."

मंगेशकाका दुकानातून बाहेर आले होते, दारातच उभे. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं.

मी म्हणले, "न्हाई आजी. बिलकुल हालले न्हाईत."